एमआर-टूची गिअर केबल पुन्हा पुन्हा का अडकते: तीनदा उघडून कळलेलं

लक्षण आधी सांगतो. गाडी रात्रभर बाहेर उभी, सकाळी शून्याखाली तीन-चार अंश. क्लच दाबून पहिला टाकला, पडला. गाडी निघाली, दुसराही पडला. आता तिसऱ्यासाठी दांडा न्यूट्रलला आणला की तो आपसूक मधल्या ओळीत यायला हवा. तो येत नाही. डावीकडेच पेंगुळल्यासारखा पडून राहतो. आपण सवयीने पुढे ढकलतो आणि तिसऱ्याऐवजी पहिल्याच्या दारावर धडका मारतो. वीस-पंचवीस मिनिटं गाडी चालली, इंजिनाची ऊब लागली की सगळं सुरळीत. दुपारी कुणाला दाखवायला न्यावी, तर दांडा असा चालतो की समोरचा आपल्याकडेच संशयाने बघतो.

गाडी १९९१ ची टोयोटा एमआर-टू. दुसरी पिढी, म्हणजे एसडब्ल्यू२०. टर्बो नसलेली, २.२ लिटरचं ५एस-एफई इंजिन, पाच गिअरचा एस५४ गिअरबॉक्स. मी राहतो डेट्रॉइटच्या उपनगरात, जिथे नोव्हेंबरपासून रस्त्यावर मीठ पडतं. मीठ पडलं की गाडी आत आणि एप्रिलमध्ये बाहेर, हा नियम. पण मिठाच्या आधीची आणि नंतरची थंडी असतेच, आणि माझं दुखणं नेमकं त्याच दिवसांत वर येतं.

हे तीनदा झालं. पहिल्यांदा बुश (केबलच्या टोकाच्या डोळ्यात बसणारी छोटी कडी) बदलले, दुसऱ्यांदा एक केबल बदलली, तिसऱ्यांदा दोन्ही केबल बदलल्या आणि जुनी करवतीने कापून पाहिली. कारण तिसऱ्या वेळी सापडलं, आणि ते पहिल्या दिवसापासून माझ्या डोळ्यांसमोर होतं.

केबल दोन, कामं दोन

इंजिन पाठीमागे, गिअरबॉक्स त्याच्या डाव्या बाजूला, आणि गिअरचा दांडा आपल्या मांडीशेजारी. मध्ये फायरवॉल, म्हणजे इंजिन आणि केबिन यांच्यातला पत्रा. त्यामुळे इथे दांड्यापासून गिअरबॉक्सपर्यंत सरळ लोखंडी रॉड नाही, दोन लांब केबल आहेत. दांडा पुढे-मागे केला की शिफ्ट केबल हलते आणि गिअर प्रत्यक्ष पडतो. दांडा डावीकडे-उजवीकडे केला की सिलेक्ट केबल हलते आणि कुठली ओळ पकडायची ते ठरतं: डावीकडे पहिला-दुसरा, मध्ये तिसरा-चौथा, उजवीकडे पाचवा आणि रिव्हर्स.

आपल्यापैकी ज्यांनी जुनी गिअरवाली चेतक स्कूटर चालवली आहे त्यांना हे प्रकरण अर्धं ओळखीचं वाटेल. तिथेही डाव्या मुठीपासून गिअरला दोन वायरी जातात. पण स्कूटरची वायर फक्त ओढते. एक वर नेते, दुसरी खाली, म्हणून दोन लागतात. मोटारीतली प्रत्येक केबल ओढते आणि ढकलतेही. ढकलायचं म्हणजे आतली तार जाड आणि ताठ हवी, आणि बाहेरच्या नळीत तिला इकडेतिकडे सरकायला जागा नको. म्हणून नळीला आतून प्लॅस्टिकचं गुळगुळीत अस्तर असतं आणि दोन्ही टोकांना रबरी टोपी. अस्तर आणि तार यांच्यातली फट इतकी कमी असते की थोडा गंज किंवा थोडं पाणी पुरतं.

फोनवर पुण्याला बाबांना सांगितलं, तर त्यांचा पहिला प्रश्न: "अरे, वायरीला तेल सोडलंस का?" त्यांच्या चेतकची वायर जड झाली की ते ती काढून खिडकीच्या गजाला उभी टांगायचे, वरच्या टोकाला दुधाच्या पिशवीचा कोन दोऱ्याने बांधायचे आणि त्यात तेल ओतून रात्रभर ठेवायचे. सकाळी खाली वर्तमानपत्रावर काळा डाग आणि वायर मऊ. मीही पहिल्या वर्षी हाच उद्योग केला, गाडीवरच, पिचकारीने. दोन आठवडे छान गेले. मग आधीपेक्षा वाईट. अस्तर असलेल्या केबलमध्ये तेल धूळ धरून बसतं, ग्रीस थंडीत घट्ट होतं, आणि आत शिरलेलं पाणी काही बाहेर येत नाही. बाबांना हे पटलेलं नाही. त्यांच्या मते मी तेल चुकीचं वापरलं.

केबलला दोष देण्याआधी

पहिली तपासणी इंजिन बंद ठेवून. सगळे गिअर एकेक करून टाका. बंद गाडीत मऊ पडतात आणि इंजिन चालू असताना अडतात, तर केबल निर्दोष आहे, क्लच पूर्ण सुटत नाही. या गाडीचा क्लच हायड्रॉलिक आहे, त्याची नळी पुढून मागे गाडीभर लांब जाते, आणि तिच्यात हवा राहिली की नेमकं असंच होतं. मास्टर आणि स्लेव्ह सिलिंडरभोवती (या नळीच्या पेडलकडच्या आणि गिअरबॉक्सकडच्या टोकांचे पंप) ओल आहे का तेवढं बघा. इंजिन बंद असतानाही जड असेल तरच पुढे वाचा.

दुसरी, माझ्या मते सगळ्यात उपयोगी, आणि तिला एकही पाना लागत नाही. न्यूट्रलमध्ये दांडा पूर्ण उजवीकडे दाबा आणि सोडून द्या. गिअरबॉक्सच्या आत स्प्रिंग असते, ती दांड्याला मधल्या ओळीत परत आणते. टुणकन यायला हवा. मग डावीकडे दाबून तेच. रेंगाळत येत असेल किंवा येतच नसेल तर दोष सिलेक्टच्या बाजूला. दोन्हीकडून झटकन येतो पण पुढे-मागे करताना जड, तर शिफ्टच्या बाजूला. मी हे आता सिग्नलला उभा असताना अधूनमधून करतो. शेजारच्या गाडीतल्यांना काय वाटतं ते विचारलेलं नाही.

तिसरा मुद्दा फक्त वगळण्यापुरता. दुसरा गिअर पडताना खर्रकन आवाज येतो आणि बाकी सगळे मऊ, तर तो सिंक्रोचा प्रश्न, म्हणजे गिअर जुळण्याआधी त्यांचा वेग सारखा करणाऱ्या कड्याचा. या गाडीच्या सुरुवातीच्या वर्षांतल्या गिअरबॉक्सचा दुसऱ्या गिअरचा सिंक्रो त्यासाठी बदनाम आहे. नवी केबल घालून तो आवाज जात नाही. गिअर ऑइल जुनं आणि दाट झालं असेल तरी थंडीत सगळंच जड लागतं, पण तेव्हा दांडा मधल्या ओळीत यायला नकार देत नाही. हा फरक लक्षात ठेवा.

आता इंजिनाचं झाकण उघडून एअर फिल्टरचा डबा काढा. गिअरबॉक्सचा माथा दिसू लागतो. तिथे दोन्ही केबलची टोकं आहेत. प्रत्येक टोकाला एक डोळा, तो पिनवर बसलेला, वर वॉशर आणि छोटी क्लिप. थोडं मागे केबलचं नळकांडं ब्रॅकेटच्या खाचेत बसतं आणि त्याला चपटी यू आकाराची क्लिप धरून ठेवते. डोळ्यांच्या क्लिपा काढून दोन्ही केबल पिनांवरून उचला. आता तीन गोष्टी वेगवेगळ्या तपासता येतात.

गिअरबॉक्सचे लिव्हर हाताने हलवा. मऊ हलायला हवेत आणि सिलेक्टचा स्प्रिंगने परत यायला हवा. सिलेक्टच्या बाजूला एक कोनी लिव्हर आहे, बेलक्रँक, तो स्वतःच्या पिनवर फिरतो. ही पिन गंजून घट्ट झाली की लक्षणं हुबेहूब खराब केबलसारखी. बेलक्रँक काढून, पिन बारीक पॉलिश पेपरने घासून, ग्रीस लावून बसवला की अनेकांचं काम तिथेच संपतं. केबलच्या पैशांत हात घालण्याआधी हे करा, मी केलं नव्हतं.

मग केबल. केबिनमध्ये कुणाला तरी बसवा. माझी तेरा वर्षांची मुलगी होती. ती दांडा डावी-उजवी करते, मी मागे केबलचं मोकळं टोक दोन बोटांत धरतो.

"आता कुठे नेऊ?"

"उजवीकडे. हळू. थांब."

"बाबा, तू थांब म्हणतोस तेव्हा मी थांबलेलीच असते. तोच हलत नाहीये."

हे निदान मी लिहून ठेवलं. चांगली केबल मोकळ्या टोकाला बोटांनीही हलते, आणि हलते ती एकसारखी. माझी एका जागी अडायची, मग सुटून पुढे जायची. नुसतं जड असणं आणि एकाच ठिकाणी अडणं या वेगळ्या गोष्टी आहेत. सगळीकडे सारखी जड म्हणजे म्हातारी झाली. एका ठिकाणी अडते म्हणजे तिथे काहीतरी आहे.

थंडीतला दोष असेल तर एक घरगुती परीक्षा: सकाळी केबल अडलेली असताना गिअरबॉक्सकडच्या टोकावर केस वाळवायचं यंत्र चार-पाच मिनिटं धरा. सुटली तर आत पाणी आहे, ते गोठतं आहे. ग्रीसचा किंवा सिंक्रोचा संशय तिथेच मिटतो. मी ही परीक्षा दुसऱ्या खेपेलाच केली होती, सुटलीही होती. पाणी आत आलं कुठून, हा प्रश्न मात्र मला सुचला नाही. जुनी केबल आहे, गळली असेल, नवी घालू.

शेवटी डोळ्यातले बुश. दांडा गिअरमध्ये असूनही वाटीतल्या चमच्यासारखा सैल हलतो, तर बुश गेले. अडकण्याशी त्यांचा संबंध नाही. पहिल्या खेपेला मी मूळचे मऊ बुश काढून पितळी घातले. दांडा कडक, नेमका झाला, आणि गिअरबॉक्सची सगळी किरकिर आता दांड्यातून तळहातात येते. काहींना आवडतं. मला तीन महिने आवडलं.

रस्त्यात अडलात तर

सिलेक्ट केबल तुटली किंवा पिनवरून निसटली तर घाबरू नका. गिअरबॉक्सची स्प्रिंग सिलेक्टच्या लिव्हरला मधल्या ओळीत धरते, म्हणजे तिसरा आणि चौथा तुमच्याकडे शाबूत आहेत. सपाट रस्त्यावर क्लच जरा जास्त वेळ अर्धा धरून तिसऱ्यावर गाडी निघते. क्लच याबद्दल आशीर्वाद देणार नाही, पण घर गाठता येतं. मी अकरा मैल असा आलो आहे, प्रत्येक लाल दिव्याला देवाचं नाव घेत. रिव्हर्स नाही हे पार्किंगमध्ये नाक खुपसण्याआधी आठवावं.

शिफ्ट केबल गेली तर ज्या गिअरमध्ये आहे त्यातच गाडी राहते. इंजिन बंद करून, झाकण उघडून, गिअरबॉक्सवरचा लिव्हर हाताने हलवून एक गिअर निवडता येतो. मागचा भाग चटका देण्याइतका तापलेला असतो, जाड हातमोजा लागेल. गाडी उतारावर असेल तर आधी चाकामागे दगड.

आणि अडलेला दांडा जोर लावून ओढू नका. जोर केबलच्या टोकावर जातो. डोळ्याभोवतीचं रबर सुटलं की केबल चांगली असूनही फेकायची.

केबल बदलताना

सुटं सामान मागवताना वर्ष आणि टर्बो की बिनटर्बो हे चॅसिस नंबरवरून नक्की करून घ्या. टर्बोचा गिअरबॉक्स ई१५३, तो वेगळा, आणि केबलही एकमेकींच्या जागी चालतील असं धरू नका. पार्सल आल्यावर जुनी आणि नवी जमिनीवर शेजारी ठेवून लांबी, डोळ्याचा व्यास, नळकांड्यावरची खाच, फायरवॉलच्या ग्रोमेटची (भोकात बसणाऱ्या रबरी कड्याची) जागा, एवढं जुळवून बघा. माझ्या दुसऱ्या खेपेच्या स्वस्तातल्या केबलचं ग्रोमेट दीड बोट पुढे होतं. मी ती तशीच ताणून बसवली. केबलला वळण हवं तितकं सैल मिळालं नाही, आणि तो माझा या गोष्टीतला पहिला गुन्हा.

दोन्ही केबल एकदमच बदला. मजुरी सगळी कन्सोल, म्हणजे दांड्याभोवतीचं प्लॅस्टिकचं आवरण, काढण्याची आहे. क्लिपा, वॉशर, बुश नवे घ्या. जुन्या क्लिपा निघताना उडतात आणि गिअरबॉक्सखालच्या अंधारात कायमच्या स्थायिक होतात.

बॅटरीची निगेटिव्ह तार काढा, हँडब्रेक ओढा, आणि चाकांना अडणी लावाच. केबल सुटल्यावर गाडी गिअरमध्ये आहे की नाही याची खात्री नसते. मग आतलं काम: नॉब फिरवून काढा, कन्सोलचे स्क्रू, दोन सीटच्या मधला भाग. सीट काढल्या नाहीत तरी चालतं असं म्हणतात. मी पहिल्यांदा तसं केलं आणि पाठ आठवडाभर धरली. सीटचे चार-चार बोल्ट काढायला दहा मिनिटं लागतात. काढा.

इथे एक गोष्ट ठळकपणे सांगायला हवी. या गाडीची पेट्रोलची टाकी मधल्या बोगद्यात आहे. गाडीच्या मधोमध वजन राहावं म्हणून तिथे ठेवली, चालवताना त्याचा फायदाही होतो. पण त्याचा अर्थ असा की कन्सोलखालच्या पत्र्याच्या खाली पेट्रोल आहे. क्लिप बसत नाही म्हणून तिथे ड्रिलने भोक पाडणं, लांब स्क्रू मारणं, ग्राइंडर चालवणं, यातलं काहीही नको.

दांड्याच्या बुडाशी दोन्ही केबलचे डोळे आणि यू क्लिपा काढा. नाकाडा पक्कड आणि सपाट स्क्रू ड्रायव्हर पुरतात. हलवण्याआधी फोनवर फोटो घ्या: कुठली केबल वर, कुठली खाली, कुठल्या पट्टीखालून जाते. फोटो जास्त झाले असं या कामात कधी होत नाही. फायरवॉलवर ग्रोमेटची पट्टी आहे, तिचे बोल्ट गंजलेले असतील, आदल्या रात्री गंजतेल मारून ठेवा.

जुनी केबल ओढून काढण्याआधी तिच्या टोकाला मजबूत सुतळी बांधा. केबल बाहेर येते, सुतळी तिच्या वाटेत राहते. मग त्याच सुतळीला नवी बांधून परत ओढायची. घरी दिवाळीच्या माळा लावताना पाइपमधून वायर ओढतो तीच युक्ती. ग्रोमेट ज्या बाजूने बसतं त्याच बाजूने केबल काढायची आणि घालायची. उलट्या बाजूने ओढलीत तर अर्ध्यात अडेल आणि तुम्ही केबलला शिव्या द्याल. आत बसलेल्याने ढकलायचं, बाहेरच्याने ओढायचं, आणि दोघांनी एकाच वेळी बोलायचं नाही.

कुठेही केबल मुठीएवढ्या गोल वळणात वाकवू नका. एकदा अस्तराला मोड आला की ती जागा जन्मभर अडते. बाहेरून काही दिसत नाही.

बसवून झाल्यावर कन्सोल लावण्याआधी इंजिन बंद ठेवून सगळे गिअर, मग ती उजवीकडे-सोडा, डावीकडे-सोडा परीक्षा, मग इंजिन चालू करून क्लच दाबून पुन्हा सगळे. कन्सोल लावून मग तपासणारे लोक मी पाहिले आहेत. आरशात.

एमआर-टू नाही, पण भारतात स्कोडाची जुनी ऑक्टाविया आरएस जपून ठेवली आहे अशांसाठी एक गोष्ट. संभाजीनगरजवळ शेंद्र्याला जुळणी झालेल्या त्या पहिल्या पिढीच्या ऑक्टावियांतही गिअर केबलवरच आहे, पण तिथे केबलची लांबी जुळवावी लागते. गिअरबॉक्सकडे दोन्ही केबलवर स्प्रिंगच्या कॉलर असतात. त्या पुढे ओढून फिरवून अडकवायच्या, गिअरबॉक्सवरचा निवडीचा दांडा खाली दाबून कोनी कडीने कुलूपबंद करायचा, केबिनमध्ये गिअरचा दांडा पिनने जागेवर धरायचा. पिनेच्या जागी ४.५ मिलिमीटरचं ड्रिलचं पातं चालतं. मग कॉलर सोडल्या की केबल आपली लांबी आपण घेते. केबल काढून नुसती परत लावली आणि तिसरा सापडेना, अशी तक्रार असेल तर हेच राहिलं आहे.

तिसऱ्या खेपेला काय दिसलं

दुसऱ्या खेपेची केबल दोन हिवाळ्यांत गेली. तीस वर्षं जुनी गेली तर वयाने गेली म्हणता येतं. दोन वर्षांच्या केबलला वय नसतं. मग मात्र मी बसलो.

काढलेली सिलेक्ट केबल गॅरेजच्या फरशीवर सरळ केली आणि बोटांनी चाचपत गेलो. गिअरबॉक्सकडच्या टोकापासून वीतभर अंतरावर बोटाला खडबडीत लागलं. काळं प्लॅस्टिक एका बाजूने घासून उडालं होतं. नखाएवढी जागा, कडा चकचकीत, मधोमध पोलादी तारांचा विळखा उघडा आणि तांबूस. लोखंडी करवतीने तिथेच केबल कापली. पाणी थेंबभरच आलं, फरशीवर चहाच्या डागासारखं पसरलं. आत विळख्याच्या तारा एकमेकींना गंजाने चिकटलेल्या, अस्तर आतल्या बाजूला फुगून तारेला टेकलेलं. उरलेली केबल टोकापर्यंत नव्यासारखी. तिच्यातली तार एका बोटाने सरकत होती.

मग गाडीत त्या जागी काय येतं ते बघितलं. ब्रॅकेटची कापलेली कड. केबल त्या कडेपासून चार बोटं दूर राहावी म्हणून तिथे एक छोटा क्लँप असतो. त्याचं बोल्टचं भोक रिकामं होतं. फोनमधले पहिल्या खेपेचे फोटो काढले: क्लँप आहे. काम संपल्यावरचे फोटो: नाही. म्हणजे बुश बदलताना मीच तो काढला आणि लावला नाही. तेव्हा बोल्ट एक उरला होता हेही मला आठवतं. तो डब्यात टाकून मी म्हटलं होतं, जपानी लोक एखादा जास्तीचा देतात.

क्लँप नाही म्हणून केबल सैल, सैल म्हणून कडेवर घासते, घासून सोललं की पाणी आत. आणि पाणी येतं कुठून याचं उत्तर तर गाडीच्या पाठीवरच आहे. इंजिनाच्या झाकणाला हवेसाठी फटी आहेत. पाऊस पडला की पाणी त्या फटींतून सरळ इंजिनावर आणि गिअरबॉक्सवर. दिवसभर ऑफिसच्या उघड्या पार्किंगमध्ये गाडी भिजायची, संध्याकाळी अर्धा तास गरम व्हायची, रात्री गोठायची. टोकाची रबरी टोपीही तडकलेली होती, ओठाला भेग पडावी तशी. एक वाट वरून, एक बाजूने.

पहिल्या केबलचा तुकडा अजून माळ्यावर होता. त्याच वीतभर अंतरावर तीच जखम, थोडी उथळ. ती वयानेच गेली असं मी धरून चाललो होतो.

आता काय केलं आहे

नवीन क्लँप, नवीन बोल्ट. ब्रॅकेटची कड कानशीने गोल केली आणि तिच्यावर पेट्रोलच्या रबरी नळीचा चिरलेला तुकडा बसवला. केबलला क्लँपच्या आधी जरासा झोल ठेवला, म्हणजे तिच्यावरून ओघळणारं पाणी झोलाच्या तळाशी टपकतं, टोपीकडे चढत नाही. टोपीवर सायकलच्या जुन्या ट्यूबचा बोटभर तुकडा चढवला, वरच्या बाजूने पट्टीने बांधला, खालून उघडा. खालूनही बांधला तर आत शिरलेलं पाणी तिथेच राहतं आणि आपण पुन्हा पहिल्या पानावर.

उघड्यावर दिवसभर उभी असेल आणि पाऊस दिसत असेल तर झाकणावर जुनं कव्हर टाकतो. इंजिन गरम असताना नाही, त्या फटी उष्णता जायला आहेत.

ऑक्टोबरात, पहिल्या थंडीच्या आधी, एअर फिल्टरचा डबा काढून तीन जागी बोट फिरवतो: टोपी, कड, क्लँपचा बोल्ट. बेलक्रँकच्या पिनेला ग्रीसचा एक ठिपका. सगळं मिळून वीस मिनिटं. दोन हिवाळे झाले. परवा सकाळी उणे पाच होतं. गाडी सुरू करण्याआधी दांडा उजवीकडे दाबून सोडला, टुणकन मध्ये आला. डावीकडूनही.

दुसरा गिअर मात्र गार असताना अजून खर्रकन वाजतो. तो सिंक्रोच आहे, गिअरबॉक्स उतरवल्याशिवाय इलाज नाही. बाबा म्हणतात तेल बदलून बघ.